आरशाला लागलेला धक्का आणि दोनशे मृत्यू रोजचे

ऑक्टोबर २०२५ मध्ये बेंगळुरूत रात्रीच्या वेळी एका डिलिव्हरी कामगाराची दुचाकी मोटारीच्या आरशाला घासून गेली. नुकसान किरकोळ होते. पण पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटारीतील पती-पत्नीने त्या दुचाकीचा पाठलाग केला आणि मागून धडक दिली. दुचाकीस्वार मरण पावला, मागे बसलेला मित्र जखमी झाला. सुरुवातीला हा साधा अपघात वाटला होता. सीसीटीव्हीचे चित्रण पाहिल्यावर तो खुनाचा गुन्हा म्हणून नोंदवला गेला आणि दोघांना अटक झाली.

ही बातमी वाचून ‘किती विकृत माणसे असतात’ असे म्हणून पान उलटणे सोपे आहे. पण रोज दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या कोणालाही विचारावे. मागून सतत हॉर्न मारत चाकाला चाक लावणारी मोटार, कट मारून पुढे घुसणारी रिक्षा, समोरून ओव्हरटेक करत आपल्याच बाजूला आलेला आणि वर डिपर मारणारा ट्रक, सिग्नलला काच खाली करून शिवी देणारा चालक, यांतले काहीतरी आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाच्या वाट्याला येते. बेंगळुरूची घटना टोकाची असली, तरी तिची सुरुवात अगदी रोजची होती. प्रश्न असा आहे, की आरशाला लागलेला धक्का आणि माणसाचा मृत्यू यांच्यामधल्या काही मिनिटांत शरीरात आणि मनात काय घडते, आणि त्या मिनिटांत दुचाकीवर बसलेल्या माणसाने काय केले तर तो सुखरूप घरी पोहोचेल?

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते. म्हणजे दर दिवशी दोनशेहून अधिक. महाराष्ट्रात त्या वर्षी सर्व प्रकारच्या रस्ते अपघातांत १५,२२४ मृत्यू झाले आणि उत्तर प्रदेश व तमिळनाडूनंतर राज्याचा क्रमांक तिसरा होता. देशातील मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले आहेत.

या अहवालात ‘राग’ नावाचा रकाना नाही. पोलिसांच्या नोंदीत अतिवेग असतो, धोकादायक ओव्हरटेक असतो, राँग साइड असते, मागून धडक असते. त्या वेगामागे घाई होती, नशा होती, बेफिकिरी होती की कोणाला तरी ‘दाखवून देण्याची’ खुमखुमी होती, हे कागदावर येत नाही. त्यामुळे रागाने किती बळी घेतले, याचा हिशेब मांडता येत नाही. पण रागाचे शरीरावर काय परिणाम होतात, हे वैद्यकशास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

राग येतो तेव्हा

कोणी अंगावर गाडी घातली, की मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची घंटा वाजवतो. विचार करणारा पुढचा मेंदू कामाला लागण्याआधीच ॲड्रेनलिन रक्तात उतरलेले असते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, मुठी आवळल्या जातात, श्वास उथळ होतो. ‘लढा किंवा पळा’ ही ती जुनी व्यवस्था. जंगलात ती उपयोगी होती, हँडलवर ती अडचणीची ठरते. आवळलेल्या मुठीने ब्रेक हळुवार दाबता येत नाही. लक्ष त्या एका गाडीवर खिळते आणि बाजूची गल्ली, समोरचा खड्डा, रस्ता ओलांडणारी म्हातारी बाई यांची मेंदूच्या लेखी नोंदच होत नाही. रागावलेला दुचाकीस्वार म्हणूनच दोन गाड्यांच्या संकटात असतो. एक समोरची, आणि दुसरी त्याला न दिसलेली.

ॲड्रेनलिन रक्तात काही मिनिटेच टिकते. पण ‘त्याने असे केलेच कसे’ हे वाक्य मनात घोळवत राहिले, तर घंटा पुन्हा पुन्हा वाजते. पहिल्या सिग्नलवरचा राग चौथ्या सिग्नलवरच्या भलत्याच माणसावर निघतो, तो असा.

हृदयाचा मुद्दाही कमी महत्त्वाचा नाही. आधी झालेल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. रागाचा भडका उडाल्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा जवळजवळ पाच पटींनी वाढतो, असे त्यात आढळले. निरोगी तरुणाचा मूळ धोका इतका कमी असतो, की पाच पटीनेही तो फारसा वाढत नाही. पण मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू यांची साथ असलेल्या पन्नाशीच्या माणसाने, रोज सकाळ-संध्याकाळ असे भडके उडवून घेणे परवडणारे नाही. हे मोटारीत बसलेल्यालाही तितकेच लागू आहे.

काचेआडचा माणूस

जो माणूस लग्नाच्या पंगतीत ‘आधी तुम्ही बसा’ म्हणतो, तोच मोटारीत बसल्यावर दुचाकीला जागा का देत नाही? याचे एक कारण म्हणजे चेहरा दिसत नाही. बंद काचेमागे माणूस अनोळखी होतो आणि समोरच्या माणसाची त्याच्या लेखी नुसती ‘गाडी’ होते. दुसरे कारण आपल्या सर्वांच्या मनाची एक खोड आहे. आपण कोणाच्या पुढे घुसलो तर आपल्याला उशीर झालेला असतो. दुसरा घुसला तर तो माजलेला असतो. स्वतःची चूक परिस्थितीच्या खाती आणि दुसऱ्याची त्याच्या स्वभावाच्या खाती, असा हा हिशेब आहे.

तिसरे कारण जास्त बोचरे आहे. १९६८ मध्ये डूब आणि ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. सिग्नल हिरवा झाल्यावर मुद्दाम एक गाडी थांबवून ठेवायची आणि मागचे चालक हॉर्न वाजवतात का ते पाहायचे. गाडी जुनी, स्वस्त असेल तेव्हा ८४ टक्के चालकांनी हॉर्न वाजवला. गाडी महागडी असेल तेव्हा ५० टक्क्यांनी. रस्त्यावरचा राग समोरच्याची ऐपत पाहून व्यक्त होतो. आपल्याकडे ही उतरंड सगळ्यांना तोंडपाठ आहे. मोठ्या एसयूव्हीला वाट मिळते, रिक्षाला हॉर्न, दुचाकीला धक्का आणि सायकलवाल्याला शिवी.

यात उन्हाची भर पडते. अमेरिकेतील फिनिक्स या वाळवंटी शहरात १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जसजसा उकाडा वाढला तसतसे हॉर्न वाढले, आणि काचा उघड्या असलेल्या, म्हणजे बहुधा एसी नसलेल्या, गाड्यांमध्ये ते प्रमाण अधिक होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी एक वाजता सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

दिसूनही न दिसलेली दुचाकी

मात्र अंगावर आलेली प्रत्येक गाडी रागाने आलेली नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालासाठी हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील नऊशे मोटरसायकल अपघातांची घटनास्थळी जाऊन तपासणी केली होती. ज्या अपघातांत दुसरी गाडी होती, त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश अपघातांत त्या दुसऱ्या चालकाने मोटरसायकलचा मार्ग अडवला होता. आणि त्या चालकांचे नेहमीचे उत्तर होते, ‘मला ती दिसलीच नाही.’

हे उत्तर दर वेळी बहाणा नसते. मोटारीच्या पुढच्या काचेच्या कडेचा खांब एक अख्खी दुचाकी झाकू शकतो. लहान वस्तू असते त्यापेक्षा दूर आणि सावकाश येत आहे असे मेंदूला वाटते, म्हणून समोरून दुचाकी येत असताना ‘अजून वेळ आहे’ असे समजून मोटार वळवली जाते. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते, त्या क्षणी मेंदू मधले चित्र गाळून टाकतो. आणि चालकाचे डोळे मोटारी व ट्रक शोधत असतील, तर बारीक आकृती डोळ्यांसमोर असूनही ध्यानात येत नाही. ट्रक आणि एसटीच्या पुढच्या नाकाखाली आणि डाव्या कुशीत तर इतकी मोठी आंधळी जागा असते, की तिथे उभी असलेली दुचाकी चालकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

याचा व्यवहारातला अर्थ मोलाचा आहे. ‘त्याने मला कट मारला’ असे वाटते तेव्हा बऱ्याचदा ‘त्याने मला पाहिलेच नाही’ हे खरे असते. पहिल्या वाक्याने सूड उगवावासा वाटतो. दुसऱ्या वाक्याने माणूस पुढच्या वेळी दिसेल अशा जागी गाडी चालवतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरातील एका अभ्यासात, जो २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, चमकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्या मोटरसायकलस्वारांना अपघातात जखमी होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी आणि पांढरे हेल्मेट वापरणाऱ्यांना काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळला. भारतात २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम सुरू राहतो, तोही याच कारणासाठी. शंभर-दोनशे रुपयांची चमकणारी पट्टी पाठीवरच्या सॅकला लावली, तर मागून येणारा राग कमी होणार नाही. पण मागून येणाऱ्याची चूक कमी होईल.

वजनाची आणि वेगाची मोजदाद

चूक कोणाची, हे पोलीस आणि न्यायालय नंतर ठरवतात. धडकेच्या क्षणी ठरते ते वजन आणि वेग यांवर. दुचाकी आणि तिच्यावरचा एक माणूस मिळून पावणेदोनशे-दोनशे किलो. समोरची मोटार त्याच्या सात-आठ पट, भरलेला ट्रक शंभर पटीच्या आसपास. मोटारीत बसलेल्याच्या भोवती पत्रा, पट्टा आणि हवेची पिशवी आहे. दुचाकीस्वाराच्या भोवती त्याची कातडी आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे शरीर स्थिर वस्तूवर आदळणे, म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, साधारण चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून पडणे. ताशी ४० ला ही उंची सहा मीटरवर, म्हणजे दोन मजल्यांवर येते. थांबायला लागणाऱ्या अंतराचेही तसेच. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला असे मानले, तर ताशी ४० वर गाडी सुमारे २७ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० वर ४८ मीटर लागतात. म्हणजे चाळीसवाला जिथे थांबून उभा असतो, तिथे साठवाल्याने नुकताच ब्रेक दाबलेला असतो आणि त्याचा वेग अजून पंचावन्नच्या वर असतो. चिडून कोणाला गाठायला गेल्यावर वेगात पडणारा फरक साधारण एवढाच असतो.

आणि वाचतो तो वेळ किती? दहा किलोमीटरचे अंतर सलग ४० च्या वेगाने पंधरा मिनिटांत होते, ५० च्या वेगाने बारा मिनिटांत. तीन मिनिटे. मधल्या सिग्नलांवर तीही जातात.

मग करायचे काय?

*मागून चिकटलेली गाडी.* कोणी अगदी मागच्या चाकाला लागून हॉर्न मारत असेल, तर त्याला धडा शिकवण्यासाठी अचानक ब्रेक मारणे हा सर्वांत वाईट उपाय. पडणारा दुचाकीस्वारच असतो. वेग पळवून त्याच्यापुढे राहणेही चुकीचे, कारण मग आपला वेग तो ठरवतो. पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवावे, म्हणजे आपल्याला कधीच जोरात ब्रेक लावावा लागणार नाही. डावा इंडिकेटर द्यावा, हळूहळू डावीकडे व्हावे आणि त्याला जाऊ द्यावे. तो पुढे गेला, की तो डोळ्यांसमोर असतो. मागे असतो तेव्हा नाही.

*कट मारणारा.* ॲक्सिलरेटर सोडावा, दोन्ही ब्रेक बेताने दाबावेत, हँडलला झटका देऊ नये. खडी, वाळू किंवा पावसाळ्यात चिखल असलेल्या कडेला एकदम उतरणे टाळावे. त्यानंतर एक लांब उच्छ्वास. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांबवला, की नाडी उतरते. हेल्मेटच्या आत, कोणाला न दिसता करता येण्याजोगा हा इलाज आहे.

*समोरून आपल्या बाजूला आलेला.* दोनपदरी राज्यमार्गावर आणि घाटात हा प्रसंग हमखास येतो. इथे ‘माझी बाजू आहे’ हे खरे असते आणि निरुपयोगीही. आधीपासूनच मधल्या पट्ट्यापासून दूर, रस्त्याच्या आपल्या भागाच्या मध्याच्या जरा डावीकडे चालवावे. उजवीकडच्या वळणावर मधल्या रेषेला बिलगू नये. कड्याजवळच्या वळणावर समोरचे दिसेपर्यंत ‘तिथे ट्रक आहे’ असे धरूनच चालावे.

*ट्रक आणि बस.* त्यांच्या डाव्या बाजूला, विशेषतः वळणाजवळ आणि सिग्नलला, थांबू नये. सोपी खूण अशी, की त्यांच्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

*सिग्नलला उभे असताना.* मागून धडक हा देशातील अपघातांचा मोठा प्रकार आहे. रांगेच्या अगदी मधोमध न थांबता थोडे बाजूला, पहिल्या गिअरमध्ये आणि आरशावर नजर ठेवून थांबावे. मागे एखादी गाडी थांबेपर्यंत तरी.

*शिवी, हातवारे, काच खाली.* नजरेला नजर भिडवू नये. चूक आपली असेल तर हात वर करून कबूल करावी. आपली नसेल तरी हात वर केल्याने काही खर्च होत नाही. त्या एका हाताने समोरच्याच्या लेखी ‘गाडी’ पुन्हा माणूस होते.

*पाठलाग होत असेल.* घराकडे वळू नये, गल्लीबोळात शिरू नये. पेट्रोल पंप, पोलीस चौकी, टोल नाका, गजबजलेले हॉटेल अशा उजेडाच्या आणि कॅमेऱ्याच्या जागी थांबावे आणि ११२ ला फोन करावा. समोरचा उतरून अंगावर आला तर हेल्मेट काढू नये, किल्ली त्याच्या हाती लागू देऊ नये आणि आवाज चढवू नये. गाडीचा क्रमांक मागे बसलेल्याने लक्षात ठेवावा. चालत्या दुचाकीवर मोबाइल काढून चित्रीकरण करणे म्हणजे दुसरा अपघात ओढवून घेणे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. चूक दुसऱ्याची आणि नमते दुचाकीस्वाराने घ्यायचे, हा कुठला न्याय? हा न्याय नाहीच. हा जीव वाचवण्याचा मार्ग आहे. न्याय मागायचा तो गाडीच्या क्रमांकासह, तक्रारीतून. त्यासाठी आधी जिवंत आणि शाबूत राहावे लागते.

आणि आपला राग?

दुचाकीस्वार नेहमीच गरीब बिचारा नसतो, हेही सांगायला हवे. फुटपाथवरून गाडी दामटणे, राँग साइडने येऊन वर समोरच्यावरच डोळे वटारणे, ट्रिपल सीट, मोटारीच्या आरशावर थाप मारून निघून जाणे, हे सगळे दुचाकीवरूनच होते. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने दांडगा चालक म्हणजे बऱ्याच वेळा दुचाकीवालाच. ज्या उतरंडीत आपण मोटारीकडून मार खातो, तीच उतरंड आपण खाली पोहोचवत असतो.

डिलिव्हरी करणाऱ्या तरुणांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांची घाई स्वभावातली नसते, मोबाइलच्या पडद्यावर पळणाऱ्या मिनिटांची असते. उशिरा आलेल्या पार्सलवर वैतागून कमी तारे देणारा ग्राहक आणि रस्त्यावर त्याच मुलाला ‘कशाला मरायला पळतोस’ म्हणणारा चालक हा कित्येकदा एकच माणूस असतो.

भांडणानंतरचे सहा तास

रस्त्यावरच्या बाचाबाचीत एक फटका बसतो, माणूस मागे पडतो, डोके दुभाजकाच्या काँक्रीटवर आपटते. तो उठतो, कपडे झटकतो, ‘काही नाही झाले’ म्हणतो आणि घरी जातो. अपघात विभागातील डॉक्टरांना धडकी भरवणारा रुग्ण हाच. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागले, तर सुरुवातीचे काही तास माणूस अगदी नीट बोलतो-चालतो. रक्ताचा दाब मेंदूवर वाढला, की तो झपाट्याने बिघडतो. वेळेत सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रिया झाली तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो. ‘झोपला आहे, झोपू दे’ म्हटले तर सकाळी उठत नाही.

म्हणून डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, एका बाजूची अशक्तता, नाक-कानातून रक्त किंवा पाणी, यांपैकी एकही लक्षण दिसले तर थेट सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी लक्षण नसतानाही तपासून घ्यावे. दारू प्यायलेल्या माणसाच्या बाबतीत ‘नशेत आहे’ असे समजून थांबणे सर्वांत धोक्याचे.

एका फटक्याची किंमत कायद्याच्या भाषेत पाहायची असेल, तर पतियाळाचे प्रकरण आठवावे. डिसेंबर १९८८ मध्ये रस्त्यातल्या गाडीवरून झालेल्या वादात एका ६५ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू झाला. क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांना त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली, ती मे २०२२ मध्ये. काही मिनिटांच्या वादाचा निकाल लागायला तेहतीस वर्षांहून अधिक काळ गेला.

हेल्मेट आणि पहिला तास

रागावर ताबा ठेवूनही धडक बसू शकते. तेव्हा उरते ते हेल्मेट. २०२२ मध्ये देशात ५०,०२९ मृत्यू हेल्मेट न घातलेल्यांचे होते. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट माणूस जमिनीवर पडण्याआधीच निघून जाते. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध अनेकदा आंदोलने झाली; मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र त्या बाजूने युक्तिवाद करणारा कोणी भेटत नाही.

अपघात पाहणाऱ्यांनी जखमीला ओढून उठवू नये, मानेला आधार द्यावा, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा, पाणी पाजू नये आणि १०८ ला फोन करावा. श्वास अडला नसेल तर हेल्मेट जबरदस्तीने काढू नये. मोटार वाहन कायद्यातील कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्याला दिवाणी किंवा फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे. मे २०२५ पासून जखमींसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोखरहित उपचारांची केंद्राची योजना अधिसूचित झाली आहे. ती किती जणांना ठाऊक आहे, हा वेगळा प्रश्न.

संयम एकट्याने किती दाखवायचा?

भारतीय कायद्यात रस्त्यावरच्या रागाचा वेगळा गुन्हा नाही. धोकादायक वाहन चालवण्याबद्दल कलम १८४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्हींची तरतूद आहे. पुढे मारहाण झाली तर भारतीय न्याय संहितेची कलमे. धडक देऊन पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची नवी तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, राज्यातल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि नवी संहिता लागू करताना ते उपकलम बाजूला ठेवले गेले. शिक्षा किती मोठी यापेक्षा ती होईल याची खात्री किती, यावर चालकाचे वागणे ठरते. हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वाराला चौकात अडवणे सोपे असते; हॉर्न मारत चिकटणाऱ्या, कट मारणाऱ्या मोठ्या गाडीवर कारवाई क्वचित दिसते. महाट्रॅफिक ॲपवरून नागरिकांना नियमभंगाची तक्रार करता येते. त्या तक्रारींचे पुढे काय झाले, हे तक्रारदाराला कळत गेले तर रस्त्यावर हात उगारण्याची गरज कमी वाटेल.

कल्पकतेचीही उदाहरणे आहेत. जानेवारी २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी काही सिग्नलांवर आवाज मोजणारी यंत्रे बसवून, हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा सुरुवातीपासून मोजण्याचा प्रयोग केला. ‘आणखी वाजवा, आणखी थांबा’ असा त्याचा साधा धडा होता. तो प्रयोगापुरताच राहिला.

मूळ दुखणे रस्त्याच्या आखणीत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू या सुधारलेल्या मार्गांवर दुचाकीला बंदी आहे. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण त्यामुळे दुचाकीस्वार जुन्या महामार्गावर, ट्रक आणि कंटेनरच्या सोबतीला उरतो. मलेशियाने क्वालालंपूरजवळच्या महामार्गावर १९७० च्या दशकातच मोटरसायकलींसाठी वेगळी मार्गिका बांधायला सुरुवात केली आणि तिथले मोटरसायकल अपघात एकतृतीयांशाहून अधिक घटल्याचे अभ्यासात दिसले. तिथले चालक एका रात्रीत शांत झाले नव्हते. त्यांना दुचाकीच्या अंगावर जायला जागाच उरली नाही, इतकेच. ज्या राज्यात शेतकरी, परिचारिका, शिक्षक, गवंडी आणि कॉलेजची मुले दुचाकीवरच पोट भरतात, तिथे असा विचार नव्या रस्त्याच्या पहिल्या आराखड्यात असायला हवा.

ते होईल तेव्हा होईल. उद्या सकाळी साडेनऊला मात्र पुन्हा तोच सिग्नल आहे आणि मागे पुन्हा कोणीतरी हॉर्न मारणार आहे. त्या वेळी डावा इंडिकेटर देऊन त्याला पुढे जाऊ देणाऱ्याचा अर्धा मिनिट जाईल. घरी वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने तो अर्धा मिनिट फार मोलाचा आहे.